मूल्यफलक आणि थापटणे

एखाद्या सद्गृहस्थाच्या घरी प्रथमच जाण्याचा योग यावा आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर 'या घरात कोणीही खोटे बोलत नाही, सुनेला लेकीप्रमाणे वागविले जाते व पाहुण्यांच्या चहात पाणी घातले जात नाही' अशी पाटी सोनेरी चौकटीत लावलेली दिसावी, तर पाहुणा त्या कुटुंबाच्या शीलाविषयी निश्चिंत होण्याऐवजी प्रथम आपले पाकीट चाचपून पाहील आणि नंतर चहाकडे संशयाने पाहील, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. मात्र हीच पाटी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात थंड पाण्याच्या यंत्रासमोर लावली, तिच्यावर 'आमची मूल्ये' असा मथळा घातला आणि खाली परस्परादर, समावेशकता, सचोटी, सहकार्य व समाजसेवा असे पाच भारदस्त शब्द ओळीने उभे केले, की संशयाची जागा श्रद्धा घेते आणि तपासणीस आलेली समिती त्या पाटीसमोर क्षणभर उभी राहून मान डोलावते.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला सारे महाविद्यालयीन जगत 'नॅक' एवढ्याच नावाने ओळखते आणि तेवढ्याच नावाने दचकते, ती 1994 साली बंगळुरास स्थापन झाली. तेव्हापासून आमच्या धाराशिव जिल्ह्यात, परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या आठही तालुक्यांत, महाविद्यालयांच्या ज्या भिंती पूर्वी केवळ पावसाळ्यात ओल धरीत असत, त्या बाराही महिने मूल्ये धरू लागल्या. अशा भिंती रसायनशास्त्राच्या आहेत, वाणिज्याच्या आहेत आणि शारीरिक शिक्षणाच्याही आहेत. परंतु प्रस्तुत लेखकाला पालक-प्रतिनिधी या नात्याने ज्या विभागाच्या बैठकांना बसण्याचा मान मिळाला, तो विभाग मानसशास्त्राचा होता. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण वाचकांपैकी जो कोणी अशा बैठकीस बसला असेल त्याला ते आपलेच वाटेल.

मानसशास्त्राच्या भिंतीवरील पाटी इतरांच्या पाटीहून अधिक मनोरंजक का, हे समजण्यासाठी त्या शास्त्राची पूर्वपीठिका थोडी पाहिली पाहिजे. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली आणि जे मन तोपर्यंत तत्त्वज्ञांच्या घरी आश्रित होते, ते स्वतःचे बिऱ्हाड थाटून राहू लागले. आपल्याकडे हे बिऱ्हाड यावयास बराच काळ लागला. निजामाच्या अंमलात या जिल्ह्यातील ज्या भाग्यवंतास रियासतीतच विद्यापीठाचे शिक्षण घ्यावयाचे असे, त्याने हैदराबादेस 1918 साली निघालेल्या उस्मानियात जाऊन ते उर्दूतून घ्यावे, असा रिवाज होता. आणि अव्वल तालुकदारापासून पटवाऱ्यापर्यंतच्या दफ्तरांत रयतेचा शेतसारा मोजण्याची जेवढी सिद्धता होती, तेवढी तिचे मन मोजण्याची नव्हती. त्याच सुमारास पलीकडच्या मुंबई इलाख्यात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने आणि सिमाँ या फ्रेंच पंडितांची बुद्धिमापन कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी घडविण्याचा उद्योग आरंभिला होता, आणि 1940 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नळदुर्ग-उमरग्याच्या बाजूस एकाच अंगणात दोन्ही भाषा खेळत असल्यामुळे ही कसोटी जणू आमच्यासाठीच केली होती. परंतु मध्ये सरहद्द होती आणि सरहद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके होते. पुढे मराठवाडा मुक्त झाला, 1958 साली औरंगाबादेस विद्यापीठ आले, 1959 साली मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला, पुण्यात प्राध्यापक कोठुरकरांसारखे अध्यापक प्रायोगिक मानसशास्त्र शिकवू लागले, आणि त्या साऱ्या प्रवाहाचा एक पाट वळत वळत अखेर आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत येऊन पोहोचला.

आता या शास्त्राने जवळजवळ दीडशे वर्षांत जे काही निर्विवाद सिद्ध केले, त्यात एक गोष्ट अशी की, मनुष्याला स्वतःविषयी विचारले असता तो जे सांगतो त्यावर विसंबून राहू नये. हॅथवे आणि मॅकिन्ले या अमेरिकन द्वयाने मिनेसोटा विद्यापीठात जी व्यक्तिमत्त्व-प्रश्नावली रचली आणि 1943 साली प्रसिद्ध केली, तीत त्यांनी शेकडो सरळ विधानांच्या गर्दीत काही अशी विधाने साध्या वेशातील पोलिसांसारखी पेरून ठेवली, की ज्यांना निष्कलंक उत्तर देणारा मनुष्य साधुसंत तरी असला पाहिजे किंवा थापाड्या तरी. आणि साधुसंत सहसा प्रश्नावली भरावयास येत नसल्यामुळे दुसरा पर्याय गृहीत धरण्यात आला. आपल्याकडील मासला द्यावयाचा तर 'मला आयुष्यात कधीही राग आला नाही', 'शेजाऱ्याची बढती ऐकून मला निर्भेळ आनंदच होतो' किंवा 'एसटीत खिडकीची जागा मी नेहमी स्वखुषीने सोडतो' ही विधाने घ्यावीत. या युक्तीस असत्य-मापिका म्हणतात. तीवर ज्याचे गुण अधिक, त्याची उरलेली प्रश्नावली रद्दीत घालावी, असा दंडक आहे आणि हा दंडक आमच्या विभागात दरवर्षी पदव्युत्तर वर्गास मोठ्या कळकळीने शिकविला जातो.

शिकविणारे तेच प्राध्यापक दुपारी तीन वाजता बैठकीस बसतात आणि विभागाच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा मसुदा वाचून दाखवितात. 'विभागात सर्व मतांचा समान आदर केला जातो.' 'विभागात कोणत्याही प्रकारचा भेदभाव होत नाही.' 'सर्व निर्णय परस्परसहकार्याने व सर्वानुमते घेतले जातात.' प्रस्तुत लेखकाने शेजारच्या तरुण प्राध्यापकाच्या कानाशी लागून विचारले, "सर, हे सकाळच्या तासाला शिकवलेलंच की हो?" त्यावर तो सद्गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाला, "ती मापिका माणसांसाठी असते साहेब, संस्थांसाठी नसते."

हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. सर्वानुमत कसे सिद्ध होते हेही त्याच बैठकीत पाहावयास मिळाले. विभागप्रमुखांनी एक ठराव मांडावा, विभागातील एका मॅडमनी त्यातील एक अडचण दाखवावी, प्रमुखांनी ती अडचण अत्यंत आदरपूर्वक ऐकून घ्यावी, इतक्या आदरपूर्वक की तिचा पुन्हा उच्चार करणे कोणासही अप्रशस्त वाटावे, आणि मग इतिवृत्तात 'सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' अशी नोंद व्हावी. समावेशकतेविषयी तर बोलावयासच नको. विभागात खुर्च्या सहा आणि त्यांपैकी हात असलेली एक. ती रिकामी असली तरी तिच्यावर कोणी बसत नाही. चहा मात्र सर्वांना एकाच किटलीतून मिळतो आणि त्याचे पैसे कोणी द्यावयाचे हा प्रश्न निघताच सर्वांना एकाच वेळी फोन येतात. पाचही मूल्यांत एवढे एक सहकार्य प्रस्तुत लेखकास निःसंशय आढळले.

मूल्यांमागून कर्तृत्व. विभागाचे पहिले कर्तृत्व म्हणजे त्याची प्रयोगशाळा. तेथे म्युलर-लायर यांची दोन बाणांकित रेषांची पाटी आहे, आरशात पाहून तारा गिरविण्याचे यंत्र आहे, आणि एबिंगहाउस यांनी 1885 साली जगास दिलेल्या निरर्थक शब्दावयवांच्या याद्या आहेत, ज्या पाठ करताना आमच्या मुलांना विशेष अडचण पडत नाही, कारण त्यांनी शासकीय परिपत्रकेही पाठ केलेली असतात. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोग करून निष्कर्ष वहीत लिहावयाचे, ज्या वहीला जर्नल म्हणतात. हे जर्नल विभागाचा खरा अभिमानविषय आहे. शास्त्रात एखाद्या कसोटीची विश्वसनीयता पाहावयाची तर तीच कसोटी काही काळाने पुन्हा देऊन दोन्ही वेळचे निष्कर्ष किती जुळतात हे पाहतात. जगातील मान्यवर कसोट्यांनाही संपूर्ण जुळणी साधत नाही. आमच्या विभागात मात्र ज्येष्ठ विद्यार्थ्याचे जर्नल कनिष्ठाकडे आणि कनिष्ठाचे त्याच्या धाकट्या बहिणीकडे जात असल्यामुळे, भूम तालुक्यातील एका प्रयुक्ताचा, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्याचा, प्रतिक्रियाकाल कित्येक वर्षे सहस्रांश सेकंदानेही ढळलेला नाही. तो प्रयुक्त एव्हाना मुलाबाळांचा धनी झाला असेल. जर्नलात तो अजून एकोणीस वर्षांचाच आहे आणि दिवा लागताच त्याच चपळाईने बटण दाबतो आहे.

दुसरे कर्तृत्व समुपदेशन केंद्र. मानसशास्त्रज्ञाच्या धर्मात गोपनीयतेचे स्थान पहिले आहे, आणि मूल्यमापनाच्या धर्मात पुराव्याचे. तोही साधा पुरावा चालत नाही, अक्षांश-रेखांश कोपऱ्यात छापलेले छायाचित्र लागते. म्हणजे ज्याची ओळख कोणास कळू नये अशा व्यथित जीवाचा, तो नेमका पृथ्वीच्या पाठीवर कोठे बसून रडत होता हे दाखविणारा फोटो जोडावयाचा. दोन धर्मांच्या या संघर्षातून विभागाने जो मार्ग काढला तो धर्मनिर्णय करणाऱ्या शास्त्रीमंडळींनाही सुचला नसता. विभागाच्या शिपाईमामांना खुर्चीवर पाठमोरे बसविण्यात आले. मामांची पाठ गेल्या प्रत्येक अहवालात आहे: कधी परीक्षेच्या भीतीने वाकलेली, कधी व्यसनमुक्तीच्या निर्धाराने ताठ, आणि जागतिक मानसिक स्वास्थ्य दिनाच्या, म्हणजे 10 ऑक्टोबरच्या पानावर, किंचित उजवीकडे झुकलेली, कारण त्या दिवशी फेरीचा फलक त्यांनीच धरला होता. "मामा, एवढ्या समुपदेशनाचा काही उपयोग झाला का?" असे विचारता ते म्हणाले, "झाला की. पाठीला जरा टेकायला मिळतंय बगा."

समिती प्रत्यक्ष येते तेव्हाचा उत्साह तर वर्णनातीत. शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून काही वर्षे जे प्रयोग झाले, त्यांविषयी पाठ्यपुस्तके असे सांगतात की, कामाच्या जागी प्रकाश वाढविला तेव्हा काम वाढले, प्रकाश कमी केला तेव्हाही वाढले, कारण आपणांस कोणीतरी पाहत आहे एवढी जाणीवच कामगारांस पुरेशी होती. या कथेविषयी पुढील संशोधकांनी शंका काढल्या आहेत; त्यांनी तपासणीच्या आठवड्यात आमच्याकडे यावे. त्या आठवड्यात वीज गेली तरी तास होतात.

आता असे कोणी म्हणेल की, स्वतःचे मूल्यमापन चढवून लिहिणे हा या लोकांचा स्वभावच. हा आरोप आम्ही साफ नाकारतो, आणि त्यास या जिल्ह्याचा महसुली पुरावा देतो. पर्जन्यछायेतल्या या मुलुखात पिकाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, पन्नास पैशांच्या खाली आली तर सारा, वीजबिल, परीक्षा-शुल्क यांत सवलतींची आशा धरता येते. विभागातील बहुतेक प्राध्यापक शेतकऱ्यांचे पुत्र. सुट्टीच्या दिवशी कळंबच्या किंवा वाशीच्या शिवारात तलाठ्यासमोर उभे राहून, "सोयाबीन हातचं गेलं बघा, अण्णा, चाळीसच्या वर एक पैसा लावू नका," असे जे गृहस्थ विनवितात, तेच सोमवारी विभागात बसून चारपैकी तीन पूर्णांक आठ दशांशाचे स्वयंगुण भरतात. दोन्ही आकडे एकाच लेखणीतून उतरतात, आणि जिथे कमी दाखविण्यात हित तिथे कमी व जिथे अधिक दाखविण्यात हित तिथे अधिक दाखविणाऱ्या मनुष्याच्या बुद्धिगुणांकाविषयी डॉ. कामतांनाही शंका आली नसती.

भविष्याच्या नियोजनातही हेच. कुर्ट लेविन यांच्या बर्लिनमधील शिष्यांनी 1930च्या सुमारास आकांक्षा-पातळीचे प्रयोग केले आणि सर्वसाधारणपणे यश मिळाले की मनुष्य पुढचे लक्ष्य चढवितो, अपयश आले की उतरवितो, असे दाखविले. नीती आयोगाने 2018 साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आमचा जिल्हा घातला, त्याला मागासलेपणाचे कारण होते. परंतु आमच्या विभागाच्या योजना पाहता तो मान स्वकष्टार्जित वाटतो. गेल्या वर्षी एक राष्ट्रीय परिषद ठरली आणि झाली नाही. म्हणून यंदा आंतरराष्ट्रीय ठरली आहे.

विभाग सर्वांच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेतो, स्वतःच्या तेवढी घेत नाही, हेही नमूद केले पाहिजे. येथून पाऊण तासाच्या वाटेवर तुळजापुरास प्रत्यक्ष आई भवानी वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उतरून मंचकी निद्रा घेते: अश्विन नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. महिषासुरास मारणाऱ्या देवीला श्रमपरिहाराची गरज पडते हे ज्या जिल्ह्याने शतकानुशतके मान्य केले, त्याच जिल्ह्यात 'कार्यस्थळीचा ताण' या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या मॅडमची चार दिवसांची अर्जित रजा, कामकाजाची निकड या सबबीखाली नामंजूर होते. आणि ती निकड म्हणजे ताणमुक्तीवरील कार्यशाळेचा अहवाल.

इथवर वाचून वाचकाचा असा ग्रह होईल की, या जिल्ह्यात खऱ्या परीक्षणाची परंपराच नाही. ती आहे, आणि मिनेसोटाहून साडेसहाशे वर्षे जुनी आहे. तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे कशासाठी असे विचारले, मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी असे उत्तर मिळाल्यावर मग आम्हांतले कच्चे कोण तेही पाहा म्हणून सांगितले, आणि काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत सर्व मंडळी तपासली, ही कथा महिपतींच्या भक्तविजयामुळे घरोघर माहीत आहे. आजच्या नीतिसमितीने हा प्रयोग नामंजूर केला असता. लेखी संमती नाही, मानके नाहीत, नमुना लहान. तरीही या कसोटीत जे मर्म आहे ते आमच्या पाचशे-पाचशे प्रश्नांच्या प्रश्नावल्यांत नाही, कारण काकांनी कोणासही 'आपण पक्के आहात काय?' असे विचारले नाही. इतर गप्प राहिले; नामदेवांनी तेवढी तक्रार केली आणि तक्रार हेच उत्तर ठरले. कच्चे ठरलेल्या उमेदवाराची पुढे विसोबा खेचरांकडे पाठवणी झाली, जिला आजच्या भाषेत रेफरल म्हणतात.

परंतु खरी गोष्ट यापुढेच आहे. हे कच्चे ठरलेले नामदेव पुढे पंजाबापर्यंत गेले, घुमानला राहिले आणि शिखांच्या गुरुग्रंथात त्यांच्या 61 रचना समाविष्ट झाल्या. त्या साऱ्या मंडळीत एवढी दूर मजल दुसऱ्या कोणाची नाही. अशा थोर पुरुषाचा नापास झाल्याचा दाखला वारकऱ्यांनी गुपचूप गहाळ करावयास हरकत नव्हती. त्यांनी तो केला नाही. उलट कीर्तनकार तो आजही रंगवून सांगतो, आणि ऐकणारे नामदेवांना तिळभरही कमी लेखीत नाहीत. आपल्यातील कच्चेपण स्वतःच्या दफ्तरात नोंदवून ठेवणारा समाज जेव्हा दुसऱ्या कोणाला पक्का म्हणतो, तेव्हा ते म्हणणे खरे मानावेसे वाटते. असत्य-मापिकेचे सारे तत्त्व याहून निराळे नाही.

या तत्त्वाची परीक्षा जिल्ह्याने अलीकडेही पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला, त्यात लातूर आणि या जिल्ह्यातली मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे मातीदगडाखाली झोपेतच गाडली गेली. मागून पुष्कळ मंडळी पुष्कळ प्रश्नावल्या घेऊन आली. पण पुनर्वसनाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या ज्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या, त्यांनी घर कसे बांधावयाचे हे सांगण्याआधी छताखाली निजावयास कोणाकोणाला भीती वाटते हे ऐकून घेतले, आणि सरकारी कागदात काय चुकले तेही सरकारला सांगितले. पुण्यात आप्पा पेंडसे या मानसशास्त्राच्याच अभ्यासकाने 1962 साली काढलेल्या ज्ञान प्रबोधिनीने भूकंपानंतर लोहारा तालुक्यात हराळीला शाळा काढली, तीही अजून चालू आहे. समाजसेवा हे मूल्य कोठे राहते असा पत्ता कोणी विचारला, तर प्रस्तुत लेखक त्यास प्रथम त्या तालुक्याची एसटी दाखवील.

हे सर्व मनात असल्यामुळे वार्षिक बैठकीत आम्ही पालक-प्रतिनिधीच्या अधिकारात एक नम्र सूचना मांडली: विभागाच्या अहवालात 'कच्चे' या मथळ्याचा एक रकाना असावा, आणि यंदा काय जमले नाही, कोणता प्रयोग फसला, कोणत्या विद्यार्थ्याचे ऐकून घ्यावयाचे राहून गेले, हे त्यात दोन ओळींत लिहावे. आश्चर्य असे की कोणीही विरोध केला नाही. तेरची परंपरा, स्थानिक वारसा आणि भारतीय ज्ञानप्रणाली अशी तिहेरी संधी प्रमुखांच्या तत्काळ ध्यानात आली. सूचना 'सर्वोत्तम प्रथा क्रमांक 2' म्हणून सर्वानुमते मंजूर झाली. फलक रंगविण्यास दिला. मामांना गोरोबाकाकांच्या पोशाखात, या खेपेस समोरून, अक्षांश-रेखांशासह उभे करण्यात आले. वर्षअखेर अहवाल छापून आला तेव्हा आम्ही अधीरतेने तेच पान उघडले. रकाना ठळक अक्षरांत, दुहेरी चौकटीत, अगदी ठरल्याप्रमाणे होता, आणि त्यात विभागप्रमुखांच्या सुवाच्य हस्ताक्षरात, खाली सही-शिक्क्यानिशी, एकच शब्द भरलेला होता: निरंक.